जपानी घरात राहायला जाताना: पायाखालची जमीन, टबातलं पाणी आणि जानेवारीची थंडी

प्रश्न असा आहे: जानेवारीत चौघंजण (नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी व मधुमेह असलेल्या सासूबाई) क्योटोला जात आहेत. आधी काही रात्री भाड्याने घेतलेल्या जुन्या लाकडी घरात आणि मग दोन रात्री नवऱ्याच्या जपानी सहकाऱ्याच्या घरी मुक्काम. अंघोळ, अंथरूण, थंडी, थोडाफार स्वयंपाक यांत काय सांभाळायचं आणि नवख्या माणसाचं नेमकं कुठे चुकतं?

नियमांची यादी पाठ करायला बसलात तर ती संपणार नाही. त्याऐवजी दोन गोष्टी धरून ठेवा. पहिली म्हणजे जमिनीकडे लक्ष. जपानी घरात जमीन बदलली की वागणं बदलतं. दाराजवळची फरशी, मग लाकडी बोळ, मग तातामी (खोलीभर अंथरलेल्या जाड चटया) आणि अगदी वेगळी अशी न्हाणीघराची ओली जमीन. दुसरी गोष्ट ओल. या घरांचा खरा शत्रू ओल आहे. अंथरूण रोज का उचलायचं, पंखा रात्रभर का चालू ठेवायचा, टॉयलेटमध्ये तांब्या का चालत नाही, या सगळ्याची उत्तरं ओलीपाशी येतात.

दार उघडल्यावर जो खोलगट भाग लागतो तो गेन्कान. घराच्या आत असला तरी तो बाहेरचाच धरला जातो. तिथून घराच्या पातळीवर चढायला एक पायरी असते. नव्या घरांत ती वीतभर किंवा त्याहून कमी, जुन्या क्योटोच्या घरांत फूटभर किंवा त्याहून उंच. बूट खालच्या भागात काढायचे आणि मोज्याचा पाय थेट वरच्या लाकडावर ठेवायचा. इथेच बहुतेकांचं चुकतं. एक बूट काढून तोच पाय खालच्या फरशीवर टेकवतात आणि मग वर चढतात. म्हणजे बाहेरची धूळ मोज्याला लागून घरात गेली. बूट काढताना तोंड घराच्या आतल्या बाजूला असावं, यजमानांकडे पाठ नको. वर चढल्यावर वळून, थोडं वाकून बूट उचलायचे आणि टोकं दाराकडे करून कडेला ठेवायचे. ओव्हरकोट घराबाहेरच काढून हातावर घ्यावा, ओली छत्री दारातच. सासूबाईंसाठी नाडीचे बूट नेऊ नका, हात न लावता काढता-घालता येतील असे न्या, आणि यजमानांना आधीच कळवा म्हणजे ते गेन्कानमध्ये एक स्टूल ठेवतील. अशी सूचना केल्याचं त्यांना वाईट वाटत नाही. आयत्या वेळी पाहुण्यांची अडचण झाली तर मात्र त्यांना फार लागतं.

वर सपाता मिळतात त्या लाकडी जमिनीपुरत्या. तातामीच्या खोलीच्या उंबऱ्याशी त्या काढून ठेवायच्या. टॉयलेटमध्ये वेगळ्या सपाता असतात, त्या टॉयलेटच्या बाहेर कधीही येत नाहीत. त्याच पायांनी दिवाणखान्यात येणं ही परदेशी पाहुण्यांची सगळ्यांत नेहमीची चूक आहे. मुलीला हे एक घोकून ठेवायला सांगा. मोजे धड आणि जाड न्या, कारण दिवसभर तेच दिसणार.

तातामी म्हणजे इगुसा नावाच्या लव्हाळ्याची विणलेली चटई, आत घट्ट गाभा आणि दोन लांब कडांना कापडी काठ. पूर्वी गाभा भाताच्या पेंढ्याचा असायचा, आता बऱ्याचदा दाबलेल्या लाकडी तंतूंचा किंवा फोमचा असतो. जाडी साधारण साडेपाच सेंटिमीटर. क्योटोकडची तातामी १९१ बाय ९५.५ सेंटिमीटरची, टोकियोकडची त्याहून लहान, १७६ बाय ८८. त्यामुळे 'सहा तातामींची खोली' क्योटोत टोकियोपेक्षा खरोखरच मोठी असते. जाहिरातीत खोलीचं माप तातामींत दिलेलं असतं. सहा तातामी म्हणजे ढोबळ मानाने दहा चौरस मीटर आणि त्यात तिघांची अंथरुणं बसतात, चौघांची दाटीवाटीने.

तातामीला तीन गोष्टी सोसत नाहीत: चाकं, टोकं आणि पाणी. सूटकेस ओढत नेऊ नका. उचलून न्या, चाकं पुसा आणि खाली जुना टॉवेल घाला. भरलेली बॅग एका रात्रीत विणीवर कायमचा दाब उमटवते. कापडी काठावर शक्यतो पाय देऊ नये. झाडताना किंवा व्हॅक्यूम फिरवताना विणीच्या दिशेने, आडवं नाही. ओल्या फडक्याने पुसण्याची आपली सवय इथे घात करते. विणीत पाणी शिरलं की आत बुरशी धरते. काही सांडलंच तर घासू नका, कोरड्या कापडाने वरून दाबून टिपा, मीठ किंवा मैदा भुरभुरवून उरलेलं शोषू द्या, विणीच्या दिशेने उचला, मग घट्ट पिळलेलं फडकं आणि शेवटी पुन्हा कोरडं. हळदीचा डाग मात्र या कशानेही पूर्ण जात नाही, वरची चटई बदलावी लागते. म्हणून वरण-भात तातामीवर खायचाच असेल तर टेबलावर आणि ट्रेमध्ये.

सरकती दारं दोन प्रकारची: जाड कागदाची अपारदर्शक फुसुमा आणि पातळ पांढऱ्या कागदाची शोजी. दोन्ही खोबणीतल्या पकडीला किंवा लाकडी चौकटीला बोटं लावून सरकवायची, कागदावर तळवा टेकवायचा नाही. उंबऱ्याच्या लाकडी खोबणीवर पाय देऊ नये, त्याने ती झिजते आणि दार अडकायला लागतं. शोजीला भोक पडलं तर लपवू नका. छोट्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवून भागतं, पण सांगितलं तरच. मुख्य खोलीत थोडा उंचावलेला कोनाडा असतो, त्यात एखादं लांब चित्र आणि फुलं असतात. तो तोकोनोमा. तिथे बॅग, फोनचा चार्जर, मुलांचं बसणं यातलं काहीही नको. त्याच्या जवळची आणि दारापासून लांबची जागा मानाची. यजमान तुम्हाला तिथे बसवतील, एकदा नको म्हणून मग बसा.

गुडघे मुडपून टाचांवर बसायला सासूबाईंना जमणार नाही आणि कोणी तशी अपेक्षाही करत नाही. पाठ असलेली बिनपायाची खुर्ची बहुतेक घरांत असते, पण ती जमिनीलगतच असल्यामुळे उठताना तोच त्रास. त्यांच्यासाठी साधी किंवा बुटकी पायांची खुर्ची हवी हे आधीच स्पष्ट लिहा. बसायच्या चौकोनी गादीवर, झाबुतोनवर, उभं राहू नये. बाजूला गुडघे टेकून तिच्यावर सरकावं.

आता अंघोळ. यावर जरा जास्त लिहितो, कारण इथे एका माणसाची चूक सगळ्या घराला भोवते.

जपानी टबातलं पाणी अंग धुण्यासाठी नसतं, अंग शेकण्यासाठी असतं, आणि ते एकाच भरण्यात घरातले सगळे पाळीपाळीने वापरतात. टबात साधारण २०० लिटर पाणी असतं. अंघोळ टबाबाहेर, त्याच खोलीतल्या मोकळ्या जागेत करायची. तिथे बुटकं स्टूल, छोटी बादली आणि शॉवर असतो आणि पाणी वाहून जायला जाळी असते. कपडे बाहेरच्या छोट्या खोलीत काढायचे. स्टूलवर बसून साबण, शाम्पू सगळं उरका, अंगावर फेसाचा एक थेंब राहणार नाही असं धुवा, लांब केस वर बांधा, मग बादलीभर टबातलं पाणी पायांपासून वर खांद्यांपर्यंत घ्या आणि हळूच टबात उतरा. टबात साबण नाही, टॉवेल नाही, अंग चोळणं नाही. बाहेर आल्यावर झाकण परत घालायचं, नाहीतर पुढच्याला कोमट पाणी मिळतं. आणि बूच काढायचं नाही. पाहुण्याने शिष्टाचार म्हणून टब रिकामा केला की घरातल्या उरलेल्यांची अंघोळ बोंबलते आणि सगळं पाणी पुन्हा तापवायचा गॅस वाया जातो. शेवटचा माणससुद्धा विचारल्याशिवाय बूच काढत नाही. बऱ्याच घरांत हेच पाणी छोट्या पंपाने कपड्यांच्या मशीनमध्ये घेतात, पहिल्या धुण्यासाठी. शेवटचं खळबळणं मात्र नळाच्या पाण्याने.

भाड्याच्या घरात टब तुम्हालाच भरायचा आहे. भिंतीवर एक पॅनेल असतं, तसंच दुसरं स्वयंपाकघरात. आधी टबाचं बूच घट्ट बसवा. ज्या टबांना काठावर दाबायचं बटण असतं, त्यांत खालची झाकणी खरोखर बसली का ते हाताने चाचपून बघा. मग पॅनेल चालू करून तापमान ४० किंवा ४१ वर आणा आणि 'जिदो' म्हणजे स्वयंचलित हे बटण दाबा. पंधरा-वीस मिनिटांत ठरलेल्या पातळीपर्यंत पाणी भरून मशीन आपोआप थांबतं आणि एक धून वाजवून आवाज देतं. बटणं वाचता येत नसतील तर फोनचा कॅमेरा-अनुवाद चालतो. बूच विसरलात तर गरम पाणी खाली वाहत राहतं आणि शेवटी पॅनेलवर चूक दाखवणारा आकडा येतो, बऱ्याच मशीनवर ०३२. मशीन बिघडलेलं नाही. बूच लावा, पॅनेल बंद करून पुन्हा चालू करा आणि पहिल्यापासून भरा.

पाणी निवलं तर 'ओइदाकी' बटण आहे. टबाच्या बाजूला जी गोल जाळी दिसते तिच्यातून पाणी ओढून, तापवून परत सोडलं जातं. पाण्याची पातळी त्या जाळीच्या वर असली पाहिजे, नाहीतर मशीन तापवणारच नाही. जाळीत केस अडकले की पाणी तापायला वेळ लागतो, म्हणून जाळी काढून धुवावी. त्याच कारणाने फेसाचं बबल-बाथ किंवा गंधकाचं मिश्रण टबात टाकू नका, ते पाइपात फिरतं आणि गंधक धातू खातं. जुन्या घरांत ओइदाकी नसते. तिथे थोडं पाणी काढून वरून गरम भरायचं.

सासूबाईंसाठी हा भाग नीट वाचा. हिवाळ्यात थंडगार खोलीत कपडे काढून एकदम गरम पाण्यात शिरल्याने रक्तदाब आधी चढतो, मग झपकन उतरतो. जपानमध्ये दर हिवाळ्यात वयस्कर माणसं टबात बेशुद्ध पडून दगावतात. तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेचा सल्ला साधा आहे: पाणी ४१ अंशांपर्यंत, टबात १० मिनिटांपर्यंत, जेवण झाल्याझाल्या आणि मद्य घेतल्यावर नको. त्यात माझी भर अशी की त्यांना पहिली पाळी देऊ नका. यजमान मानाने पहिली अंघोळ पाहुण्यांना देतील, ती तुमच्यापैकी तरण्या माणसाने घ्यावी. एकाची अंघोळ झाली की खोली वाफेने उबदार होते, तेव्हा त्यांनी जावं. भाड्याच्या घरात टबाचं झाकण आधी पाच मिनिटं उघडं ठेवा किंवा गरम शॉवर भिंतीवर सोडा. पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांनी एक पेला पाणी प्यावं, बाहेर येताना काठ धरून सावकाश उठावं आणि दाराची कडी लावू नये. टबाचा काठ उंच असतो. आधाराची दांडी नसेल तर त्यांनी टबात उतरूच नये. स्टूलवर बसून गरम पाण्याने भरपूर अंघोळ करावी आणि पाय बादलीत बुडवावेत, तेवढंही पुरेसं सुख आहे.

अंघोळीनंतर भिंतींवरचं पाणी रबरी पट्टीने ओढा, दार लावा, पंखा चालू ठेवा. दार उघडं टाकलं तर वाफ घरात शिरते. लहान फ्लॅटमध्ये टब, कमोड आणि बेसिन एकाच प्लास्टिकच्या खोलीत असतात. तिथे हिशेब उलटा: पडदा टबाच्या आत घालून टबातच अंघोळ करायची आणि दर वेळी पाणी सोडून द्यायचं. कारखान्यात घडवून आणलेल्या अशा न्हाणीघरांचा मोठा वापर १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकसाठी न्यू ओतानी हॉटेल घाईने उभं करताना झाला, तिथून ती सगळीकडे पसरली.

अंगावर घालायला युकाता (किमोनोसारखा सुती झगा) ठेवला असेल तर उजवी बाजू आत, डावी तिच्यावरून. उलटं नेसवतात ते फक्त मृताला. हीच गोष्ट अंथरुणाच्या दिशेची: उत्तरेकडे डोकं करून झोपायचं नाही, कारण मृताला तसं ठेवतात. तुमच्या सासूबाईंना हे समजावून सांगावं लागणार नाही.

अंथरुणाला दोन भाग असतात. खालची गादी शिकिबुतोन, साधारण १०० बाय २१० सेंटिमीटर, आणि वरची जाड रजई काकेबुतोन. दिवसा ती ओशिइरे नावाच्या खोल कपाटात जातात. माणसाच्या अंगातून रात्रभर ओल खाली झिरपते आणि गादीच्या खालच्या अंगाला, थंड जमिनीपाशी, पाणी धरतं. दोन-तीन दिवस गादी जागच्या जागी पसरून ठेवली तर तिच्याखाली तातामी काळवंडायला लागते. म्हणून उठल्याबरोबर रजई उलटी टाकून अर्धा-पाऊण तास हवा लागू द्यायची आणि मगच गादीच्या तीन घड्या करायच्या. उठल्या उठल्या घडी करून कपाटात कोंबणं ही उत्साही पाहुण्यांची चूक, त्याने ओल कपाटात जाते. ऊन असेल तेव्हा दहा ते दोनच्या दरम्यान बाल्कनीत वाळत घाला, तासाभराने पालटा, चिमट्याने पकडा. जोरजोरात बडवू नका, त्याने आतला कापूस तुटतो. हाताने किंवा ब्रशने धूळ झटकली की झालं. काही इमारतींत बाहेरच्या कठड्यावर गाद्या टाकायला मनाई असते. यजमानांच्या घरी तुम्ही घडी करून कोपऱ्यात रचून ठेवा: खाली गादी, वर रजई, सगळ्यांत वर उशी. कपाटात ते ठेवतील. निघायच्या दिवशी चादरी काढून एकत्र द्या.

एक गादी पातळ वाटली तर दोन एकावर एक घाला, बहुतेक कपाटांत जादा असतात. जमिनीवरून उठणं सासूबाईंना कठीण जाणार असेल तर भाड्याच्या घरात पलंगाची खोली आहे का ते आरक्षण पक्कं करण्याआधीच विचारा. नंतर उपाय नाही.

आता थंडी. क्योटोत जानेवारीत रात्री पारा १-२ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी ९ च्या आसपास जातो. पुण्याची थंडी अनुभवलेल्या माणसाला आकडे ऐकून धक्का बसत नाही, धक्का बसतो तो घरात शिरल्यावर. जुन्या जपानी घरांत भिंतींना उबेचा थर नाही, काच एकपदरी, आणि संपूर्ण घर तापवायची पद्धतच नाही. जी खोली वापरात आहे तेवढीच तापवतात. बोळ, टॉयलेट, न्हाणीघर बाहेरइतकं गार राहू शकतं. नव्या घरांना उष्णतारोधनाचा दर्जा पाळणं एप्रिल २०२५ पासून सक्तीचं झालं आहे, पण तुमचं घर त्याच्या फार आधीचं असणार. एसीला गरम हवेची सोय असते. रिमोटवर 'दानबो' म्हणजे गरम, 'रेइबो' म्हणजे गार. २० ते २२ वर ठेवा आणि झोत खाली वळवा, कारण गरम हवा वर जाते. मध्येच पाच-दहा मिनिटं वारा थांबला तर घाबरू नका, बाहेरचं यंत्र स्वतःवरचं हिव वितळवत असतं. बटणं दाबत बसलात तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. रॉकेलवर चालणारा हीटर असेल तर तासाला एक-दोनदा खिडकी उघडणं अत्यावश्यक आहे, आणि झोपताना तो बंदच.

जपानी हिवाळ्याचं खरं सुख मात्र कोतात्सु. बुटक्या टेबलाच्या पोटात हीटर, चौकट आणि वरची फळी यांच्या मधून चारी बाजूंना जाड रजई सोडलेली. रजई मांडीवर घेऊन पाय आत घालायचे. खोली गार असली तरी कमरेखाली ऊब असल्यामुळे माणूस तासन् तास बसतो. संत्र्यासारखी मिकान फळं सोलत, चहा पीत अख्खं घर तिथेच जमतं. मुलीला आणि सासूबाईंना ते सोडवणार नाही. फक्त तीन पथ्यं. आत कपडे किंवा मोजे वाळत घालू नका, हीटरला लागून पेट घेतात. मुलांनी आत शिरून खेळायचं नाही. आणि तिथे झोपायचं नाही.

शेवटच्या पथ्याचं कारण सविस्तर सांगायला हवं, कारण तुमच्याकडे मधुमेह आहे. भाजायला पाणी उकळतं असावं लागत नाही. ४४ अंशांची वस्तू तीन-चार तास त्वचेला लागून राहिली तरी खोल भाजतं, ५० अंशांना दोन-तीन मिनिटं पुरतात. ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे त्यांना ते कळतच नाही. कोतात्सु, विजेची चादर, अंथरुणात ठेवायची गरम पाण्याची युतानपो, चिकटवायचे उष्णतेचे पॅड, सगळ्यांना हे लागू. सासूबाईंच्या अंथरुणात युतानपो झोपण्याआधी अर्धा तास ठेवून गादी तापवा आणि त्या आडव्या झाल्या की काढून घ्या. पॅड कपड्यावरून लावा, त्वचेवर कधीही नाही, आणि रात्री नाहीच. रोज सकाळी त्यांची पावलं बघा.

टॉयलेट पाहून तुम्हाला बरं वाटेल. पाण्याने धुणारं आसन टोटो कंपनीने 'वॉशलेट' नावाने १९८० साली बाजारात आणलं आणि आता ते जवळपास घरोघरी आहे. आसन गरम असतं. कशाचंही बटण दाबण्याआधी थांबवायचं बटण कुठलं ते शोधा. बहुधा सगळ्यांत डावीकडचं, चौकोनाची खूण असलेलं. बसल्यावरच बटण दाबा, उभ्याने बघायला गेलात तर फवारा समोरच्या भिंतीवर. तांब्या किंवा हँडशॉवरची सवय मात्र इथे पूर्ण सोडा. टॉयलेटच्या जमिनीला पाणी वाहून जायला जाळी नसते, सांडलेलं पाणी लाकडात मुरतं. टॉयलेट पेपर कमोडमध्येच टाकायचा, टिश्यू आणि ओले वाइप्स नाही. काही कमोडच्या टाकीवर छोटा नळ असतो, फ्लश केल्यावर त्यातून येणारं पाणी हात धुवायला स्वच्छ आहे.

स्वयंपाकाचं. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची. पूर्वेला ५० हर्ट्झ, पश्चिमेला, म्हणजे क्योटोतही, ६०. टोकियोने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, ती फूट अजून मिटलेली नाही. तुमचा २३० व्होल्टचा मिक्सर इथे नुसता गुरगुरेल आणि भरलेल्या भांड्यात अडकून तापेल. घरची किटली लावलीत तर पंचमांशाहूनही कमी ताकदीने तापेल. ही उपकरणं नेऊच नका. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर '१००-२४०' लिहिलेलं असतं ते चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर हवा. तिथली किटली, हेअर ड्रायर, मायक्रोवेव्ह प्रत्येकी बारा अँपिअरच्या आसपास खेचतात आणि एका सर्किटला साधारण २० मिळतात. दोन एकत्र लावलीत की अंधार. बोर्ड बहुधा गेन्कान किंवा न्हाणीघराच्या बाहेर, दाराच्या वर असतो. एक उपकरण काढा, पडलेली कळ वर करा.

गॅसच्या शेगडीत बर्नरच्या मधोमध एक स्प्रिंगवरचा गोल दट्ट्या दिसेल. तो भांड्याच्या बुडाचं तापमान मोजतो. २००८ पासून घरगुती शेगड्यांना हा सेन्सर सक्तीचा आहे. साधारण २५० अंशांना तो ज्योत मंद करतो किंवा विझवतो. म्हणजे भाकरीसाठी रिकामा तवा तापवलात की शेगडी ऐन वेळी दम सोडते आणि लोकांना वाटतं गॅस संपला. एखाद्या बर्नरसाठी जास्त तापमानाचं बटण असतं, ते तीन सेकंद दाबून धरलं की मर्यादा काही वेळ वाढते. गोल बुडाची कढई दट्ट्यावर नीट टेकत नाही, सपाट बुडाची वापरा. शेगडी इंडक्शनची असेल तर अॅल्युमिनियमचा कुकर चालणार नाही. बुडाला चुंबक चिकटतो तेच भांडं न्यायचं. फोडणी देण्याआधी पंखा पूर्ण वेगावर, तेल धुरावेपर्यंत तापवायचं नाही आणि मोहरी पडताच झाकण. कागदी भिंती आणि कापडी पडदे वास धरून ठेवतात. यजमानांच्या घरी फोडणी नकोच, विचारून एखादी भाजी करा. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. वर्तमानपत्रात किंवा तेल गोठवायच्या पावडरीत मुरवून जळणाऱ्या कचऱ्यात जातं. डाळी-मसाले कोबेच्या भारतीय दुकानांत मिळतात, तिथली भारतीय वस्ती जुनी आहे.

भाताच्या कुकरबरोबरचा कप १८० मिलिलिटरचा असतो आणि भांड्यावरच्या रेषा त्याच कपाच्या हिशेबाने असतात. स्वयंपाकघरातला दुसरा कप २०० चा. तो घेतलात आणि पाणी रेषेपर्यंत भरलंत तर भात कडक होतो. तांदूळ धुवा, अर्धा तास भिजवा, आतल्या भांड्याची बाहेरची बाजू कोरडी पुसा आणि मगच कुकरमध्ये ठेवा. भात झाला की लगेच तळापासून अलगद हलवा. जेवताना काड्या (चॉपस्टिक्स) भातात उभ्या रोवू नयेत आणि काडीतून काडीत घास देऊ नये, दोन्ही अंत्यविधीतलं आहे.

यजमानांसाठी भेट कोरडी, सुटी-सुटी पॅक केलेली आणि टिकाऊ असावी. काजू, चांगला चहा, चिक्की उत्तम. चार नगांचा संच नको. खोलीत बसून नमस्कार-चमत्कार झाल्यावर पिशवीतून काढून, त्यांच्याकडे सुलटी करून दोन्ही हातांनी द्या. ते तुमच्यासमोर उघडतीलच असं नाही. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता घेऊन जाऊ नका, विमानतळावरच काढून घेतात.

कचऱ्याबद्दल घरमालक जो कागद ठेवतात तो तंतोतंत पाळा. वर्गवारी गावागणिक बदलते. तोकुशिमातल्या कामिकात्सु गावात ती चाळीसहून अधिक प्रकारांची आहे, क्योटोत खूपच सोपी, पण महापालिकेच्या ठरावीक पिशव्याच लागतात. बाटलीचं झाकण आणि लेबल वेगळं, बाटली खळबळून चेपलेली. पिशवी ठरलेल्या दिवशी सकाळीच बाहेर ठेवायची आणि कावळ्यांसाठीची जाळी परत पांघरायची. आदल्या रात्री ठेवलीत तर शेजाऱ्यांना सकाळी फाटलेल्या पिशव्या आवराव्या लागतात.

भूकंपाचा मोठा हादरा बसला तर गॅसचा मीटर स्वतःहून बंद होतो. नंतर वास येत नसेल तर सगळ्या शेगड्या बंद करून मीटरवरच्या बटणाची टोपी काढा, बटण पूर्ण आत दाबून सोडा आणि तीन मिनिटं काहीही न पेटवता थांबा. लुकलुकणारा दिवा थांबला की गॅस परत सुरू. वास आला तर मात्र बटणाला हात न लावता, कुठलाही स्विच न दाबता बाहेर पडा. रात्री उशाशी चपला आणि टॉर्च ठेवायची तिथली सवय चांगली आहे, काच फुटली तर पाय वाचतात.

भाड्याचं घर सोडताना एसी, कोतात्सु, हीटर बंद करा, पण मुख्य वीज पाडू नका. थंडीत बाहेरच्या पाणी तापवायच्या यंत्राला पाइप गोठू नयेत म्हणून वीज लागते. २००३ नंतरचं घर असेल तर चोवीस तास हवा खेळवणारा पंखाही त्याच विजेवर असतो. तो तसाच चालू ठेवून दार लावा.